झटकलेली धूळ

लोखंडी जिन्याच्या मध्यावर आई थांबली, तशी मागची सगळी रांग थांबली.

"दम लागला?" लेकीने खालून विचारलं.

"दम कसला? बघतेय. तिकीट काढलंय, मग बघायला नको?"

बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. राखाडी रंग दिलेली भिंत होती. आईने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि तिचे खांदे वरखाली होत होते. मागच्या माणसाने पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सावकाश, आजी. बोट बांधून ठेवलीय, कुठे पळत नाही ती."

"मग मी तरी कशाला पळू?" आई म्हणाली आणि पुढची पायरी उतरली.

बोट बघायचा हट्ट तिचाच. गोदीत बाबांनी ज्या बोटींवर काम केलं त्यांतली ही एवढीच उरली होती. बाकीच्या भंगारात गेल्या. तुम्हा दोघींना एकदा दाखवून आणतो, असं बाबा दर सुट्टीला म्हणायचे. हिवाळ्यात ते गेले. गोदीतल्या धुळीने फुप्फुसं खाल्ली, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आणि आता पलीकडच्या खोलीतून आईचा खोकला ऐकू येऊ लागला होता. मागच्या आठवड्यात लेक तिला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. कधी कारखान्यात, गोदीत काम केलंय का, असं त्यांनी विचारलं. "छे हो, मी आपली घरीच," आई म्हणाली. शेजारी बसलेल्या लेकीनेही मान डोलावली. डॉक्टरांनी वयोमान म्हणून गोळ्या लिहून दिल्या.

खाली इंजिनरूममध्ये नारिंगी जाकिटातली गाइड उभी होती. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असावी.

"डोकी सांभाळा," ती म्हणाली. "डोक्याची भरपाई तिकिटात धरलेली नाही."

लोक हसले. गाइडने डोक्यावरून गेलेल्या जाड पाइपावर थाप मारली. त्याला नवंकोरं चंदेरी आवरण होतं.

"वाफ गार पडू नये म्हणून पूर्वी ह्यांच्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप असायचा. भुकटी पिंपात कालवायची आणि हाताने थापायची. कामगार तर जेवणाच्या सुट्टीत त्याचे गोळे करून एकमेकांना मारायचे म्हणे! तो सगळा लेप खरवडून काढेपर्यंत बोट बंद ठेवावी लागली. काढणारी माणसं चंद्रावर निघाल्यासारखी नखशिखान्त झाकलेली. काम संपलं की कपडे इथेच टाकायचे, अंगावर पाणी घ्यायचं आणि मगच घरी. एक कणसुद्धा घरी न्यायचा नाही."

"आमचे हे तर तसेच यायचे," आई मोठ्याने म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"लेप द्यायचंच काम होतं त्यांचं. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दारात उभे. भुवयासुद्धा पांढऱ्या. मी म्हणायची, आलं बाई आमचं भूत!"

पुन्हा हशा झाला. आईला तो आवडला. बाबा गेल्यापासून चार माणसांत ती अशी बोलली नव्हती. लेकही हसली.

"पण घरात पाऊल टाकू द्यायची नाही हो मी. मागच्या दारीच अंगावरचा कामाचा बॉयलर सूट उतरवायचा. मग मी तो असा धरायची," आईने दोन्ही हातांनी हवेतच सुटाचे खांदे धरले आणि झटकले, "आणि दाणदाण कठड्यावर आपटायची. ढग उठायचा नुसता! न झटकता भिजवला तर लगदा व्हायचा, मग निघता निघायचा नाही. त्यांना एकदा म्हटलं, लेप तुम्ही देता आणि खरवडायचा मी."

गाइड हसायची थांबली होती.

"रोज?" तिने विचारलं.

"रविवार सोडून."

गाइडने लेकीकडे पाहिलं. मग घसा साफ करून ती म्हणाली, "चला, पुढे बॉयलर बघू." माणसं तिच्यामागे वाकून दारातून गेली. मायलेकी मागे राहिल्या.

"आई, हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं गं."

"काय सांगायचं? नवऱ्याचे कपडे धुते म्हणून? सगळ्याच बायका धुतात. ते काय काम..." ती पुढे बोलली नाही. तिचे हात अजून हवेतच होते. ते तिने हळूच खाली घेतले आणि पातळाला पुसले.

पलीकडून गाइडचा आवाज आला. कुणीतरी काहीतरी विचारत होतं. आई लेकीकडे पाहत राहिली.

"मी झटकायची तेव्हा तू कुठे असायचीस?"

लेकीला ते मागचं दार आठवलं. त्या ढगात ऊन शिरलं की कण चमकायचे, आणि ते पकडायला ती उड्या मारायची. तोंड उघडं टाकून.

"शाळेत असेन."

"संध्याकाळची कुठली गं शाळा?"

लेक डोक्यावरच्या पाइपाकडे बघू लागली.

"वळ," आई म्हणाली.

"आई, इथे नको. लोक आहेत."

"वळ म्हणते ना. आणि श्वास घे. मोठा. नाटकं नकोत."

लेक पाठमोरी झाली. तिने श्वास घेतला. वरच्या डेकवर कुणाची तरी पोरं धावत होती. आईने तिच्या पाठीला कान लावला, आणि नीट ऐकू यावं म्हणून स्वतःचा श्वास रोखून धरला.