आधी छप्पर

ब्रश शाईत बुडवून नीलिमाने प्रेक्षकांच्या दुसऱ्या रांगेकडे बघितलं, आणि तिथेच घोळ झाला.

कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये जमिनीवर चादरीएवढा कागद अंथरला होता. पलीकडे काळ्या कपड्यांतली जियावेन हात वर करून उभी होती. लिहायचं नीलिमाने, नाचायचं जियावेनने. ब्रश हलेल तसं तिचं अंग हलणार, ब्रश थांबला की तीही थांबणार. अक्षर होतं ‘घर’. चिनी लिपीत ते छपरापासून सुरू करतात, मग छपराखालचं. छपराखाली चक्क डुक्कर असतं, हे सुलेखन शिकायच्या पहिल्या दिवशी ऐकून नीलिमा इतकी हसली होती, की टॅन लाओशींनी वर्ग थांबवून तिला पाणी दिलं. लाओशी म्हणजे गुरुजी.

त्याआधी ती कधी हसली होती, तिला आठवत नव्हतं. नवरा अभय गेल्यापासून ईस्ट कोस्टच्या फ्लॅटमध्ये बोलत होता तो फक्त टीव्ही. नवरा बोटीवर इंजिनियर, एकटं राहायची मला सवयच आहे, असं ती सगळ्यांना सांगे. पण तेव्हा तो परत यायचा.

मुलगा निहार मेलबर्नला. दर रविवारी फोन. ती मराठीत विचारी, तो इंग्रजीत उत्तर देई, आणि जेवलास का, हवा कशी आहे, यापुढे गाडी जात नसे. आज तो आला होता, ऑफिसच्या कामाला जोडून. नाच, अक्षर, टाळ्या, तिला कशाचंच फारसं पडलं नव्हतं. आपलं काही या पोरात उरलंय का, एवढंच तिला बघायचं होतं. आणि पोरगा दुसऱ्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता.

तिने ब्रश टेकवला तो थेट छपराच्या खाली.

छपरासाठी ताणलेले जियावेनचे हात वरच राहिले. पण पोरगी हुशार. ती ब्रशच्या मागोमाग खाली आली, जमिनीवर वळली, गुडघ्यांवर सरकली. नीलिमाचा हात ते उघडंबोडकं घर न थांबता लिहीत गेला. लोकांत कुजबुज सुरू झाली. इथल्या चिनी मुलांना शाळेत पहिलीलाच शिकवतात ही गोष्ट, कुणापासून लपणार?

“ऐयो, रॉंग ऑर्डर लाह!” एक आँटी मोठ्याने म्हणाली, आणि बरेच जण हसले.

नीलिमाचे कान तापले. तरी हात थांबेना. खालचं सगळं झाल्यावर तिने डावीकडून उजवीकडे एका दमात आडवी रेघ ओढली, वर ठिपका दिला. जियावेन रेघेबरोबर उठली आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. टाळ्या पडल्या, पण त्या कीव आल्यासारख्या.

ती आतल्या खोलीत येऊन बसली. लाओशी रागावले नाहीत. “अक्षर सुंदर आलंय,” ते इंग्रजीत म्हणाले, “पण असं उलटं का लिहिलंत?”

तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. महिनोन्‌महिने घोटलेलं अक्षर. “हात आपोआप गेला,” एवढंच ती म्हणाली, आणि तिला रडू यायला लागलं. परक्या लोकांत, परक्या लिपीत, या वयात कुणी सांगितला होता हा उद्योग?

मग निहार आला. आता हा ‘इट्स ओके, मॉम’ म्हणणार आणि टॅक्सी बोलावणार. तिने पर्स उचललीसुद्धा.

पण तो टेबलाकडे वळला. तिथे सरावाचे कागद पडले होते, त्यातला एक त्याने ओढला. ब्रश झाडूसारखा मुठीत धरला आणि तीन अक्षरं काढली. वेडीवाकडी, बालवाडीतल्या मुलाने काढावीत तशी, एकमेकांपासून सुटी सुटी. नि. हा. र. मग डावीकडून उजवीकडे तिन्हींच्या डोक्यावरून एकच रेघ ओढली.

“ते सगळे हसले,” तो अडखळत मराठीत म्हणाला, “पण वरची रेघ शेवटीच ओढायची ना, आई?”