कोचचं चुकलंच

लातूरच्या एका दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकावर मल्लेश आणि त्याचा धाकटा भाऊ सोमेश सकाळपासून बसले होते. त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा, ते दुपारपर्यंत सांगा, असं म्हणून डॉक्टर निघून गेले होते. त्या विषयाला तोंड फोडायची दोघांचीही हिंमत होईना. म्हणून सोमेशने कालच्या मॅचचा विषय काढला. भारताची फुटबॉल टीम हरून स्पर्धेतून बाहेर पडली होती.

"कोचचं चुकलंच," मल्लेश म्हणाला. "स्ट्रायकर लंगडत होता. काढायचं की त्याला! उगं हाल केले बिचाऱ्याचे."

"अन् काढून काय मिळालं असतं, अण्णा? तो मैदानात होता तवर आशा तरी होती."

"कशाची आशा? पाय उचलत न्हवता त्याचा!"

"म्हणून लगेच बाहेर काढायचं?" सोमेश ताडकन उठला. "तुमाला लई घाई हाय!"

मल्लेशचाही आवाज चढला. आपण आता मॅचबद्दल बोलत नाही, हे त्याला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. अखेर सिस्टर बाहेर येऊन दोघांच्या मधे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे ते गप्प झाले.

"तुमचे वडील गेले," त्या हळूच म्हणाल्या.



"जायच्या आधी डोळे उघडले होते त्यांनी. मी दारातून दोनदा हाक मारली, पण तुमचं भांडण चालू होतं."