चौथा बदल

“आवाज़ अब भी कट रही है, दादू,” राजस फोनवर म्हणाला.

“कुठल्या मिनिटाला?” गोपीनाथरावांनी विचारलं.

पलीकडे हृषीकेशने मुलाच्या हातून फोन घेतला. “मधे मधे, बाबा. थोडं अडखळतं. मग त्याचं लक्ष उडतं.”

“मिनिट सांगितलंस तर शोधायला बरं पडेल रे.”

“बघून सांगतो. आत्ता त्याच्या स्विमिंगला निघालोय.”

गोपीनाथरावांनी वही ओढली आणि लिहिलं : बदल दुसरा, लॅपटॉपची वीजबचत बंद. निकाल, अजून अडखळतं.

मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पत्नी विनीताबाई जाऊन तीन. अलीगंजच्या दोन खोल्यांत दर रविवारी सकाळी ते गुरुग्रामच्या नातवासाठी वीस-बावीस मिनिटं बोलणं रेकॉर्ड करून पाठवत. रुळांखाली खडी कशाला घालतात, उन्हाळ्यात रूळ वाकडे का होतात, असं काहीतरी. सगळं मराठीत. राजसला मराठी समजायची, पण तो उत्तर हिंदीत द्यायचा. त्याच्या घरी आईबाबाही आता त्याच्याशी हिंदीतच बोलत. मराठी त्याच्या कानावर पडायची ती एवढीच. तीही थांबली, तर पुढे आजोबांना त्याच्याशी बोलायला भाषाच उरणार नव्हती.

म्हणूनच त्यांनी हजरतगंजच्या बाजारातून चांगला माईक आणला होता, आणि तो लॅपटॉपला जोडायची काळी डबी. पण पहिल्याच रविवारी आवाज तुटला. त्यांनी स्वतः ऐकलं होतं. ‘रुळांच्या’ म्हणताना मधला अर्धा शब्द गायब.

एका वेळी एकच बदल करायचा आणि निकाल लिहायचा, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. पहिल्यांदा त्यांनी मधला यूएसबी हब काढून डबी थेट लॅपटॉपला लावली. थोडा फरक पडला. मग वीजबचत बंद केली, कारण वीज वाचवायला लॅपटॉप डबीचा पुरवठा मधेच तोडतो. आणखी फरक पडला. पुढच्या रविवारी त्यांनी बफर वाढवला.

त्या रविवारचं बोलणं त्यांनी दोनदा ऐकलं. एकही शब्द तुटत नव्हता.

संध्याकाळी हृषीकेशचा मेसेज आला : ‘बाबा, थोडं अडखळतंय अजून.’

बुधवारी चंद्रशेखर आला. मानक नगरचा जुना सहकारी, मूळचा नागपूरचा. चहा घेता घेता त्याने सगळी बावीस मिनिटं ऐकली.

“साफ आहे बे. कुठे अडखळतं?”

“तुला नाही कळायचं. तुझे कान सदुसष्ट वर्षांचे.”

“आणि तुझे काय काल आणले दुकानातून?”

“म्हणूनच म्हणतो, राजसचे कान दहा वर्षांचे. त्याला ऐकू येतं ते आपल्याला येत नसेल.”

“अख्ख्या राजधानी एक्सप्रेसची चाकं तपासलीस गोप्या, आणि एका डबीपुढे हरलास.” चंद्रशेखरने आणखी एक बिस्किट उचललं. “हा बफर म्हणजे काय ते तरी सांग.”

“छपरावरची टाकी समज. टाकी लहान असली आणि खालून पाणी चढायला जरा उशीर झाला, की नळ खाकरतो. टाकी मोठी केली की मधला खंड खाली कळत नाही.”

“हे पाठवलंस का नातवाला?”

“हेच परवा वेगळं बोलून पाठवलंय. त्याला आवडलं असेल, नाही?”

“असेल ना,” चंद्रशेखर म्हणाला.

येत्या रविवारी गोपीनाथरावांनी चार्जरवर संशय घेतला. चार्जर डबीला खेटून होता. तो दूर जावा म्हणून त्यांनी अख्खं टेबल खिडकीकडे ओढलं. पडद्यावरची आवाजाची पट्टी बघत बसलं की बोलण्यात लक्ष लागत नाही, म्हणून लॅपटॉप भिंतीकडे फिरवला. मग ते बावीस मिनिटं बोलले. गाडीची चाकं बाहेरच्या बाजूला निमुळती का असतात ते. स्टीलचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवायचे आणि दोन काठ्यांवरून घरंगळत सोडायचे, पडतात का बघायचं, असा प्रयोगही सांगितला. विनीता हसायची तशी राजस कुठे हसेल, याचा अंदाज घेऊन ते तिथे जरा थांबले.

स्वतः ऐकून बघायचा मोह त्यांनी आवरला. निकाल राजसने द्यायचा होता. फाईल तशीच पाठवली.

दिवसभर त्यांनी फोन जवळ ठेवला. सहाला मेसेज आला : ‘बाबा, आज एकदम क्लिअर. राजसने पूर्ण ऐकलं. तुम्ही जिंकलात.’

त्याखाली राजसचा आवाज होता. “दादू, मस्त था. इस बार एक बार भी नहीं कटा.”

तो त्यांनी तीनदा ऐकला. मग वहीत लिहिलं : बदल चौथा, चार्जर लांब. निकाल, दोष गेला. त्याखाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी सकाळीच त्यांनी चंद्रशेखरला बोलावून घेतलं. “ये, आता ऐक. बफरवर थांबलो असतो, तर पोराने सोडून दिलं असतं.”

“लाव.”

गोपीनाथरावांनी फाईल लावली. दोघं खुर्च्या पुढे ओढून बसले. मिनिट गेलं. चंद्रशेखरने आवाज वाढवला, मग पूर्ण वाढवला.

“काहीच नाही बे यात.”

“पुढे घे.”

त्याने पाच मिनिटं पुढे घेतलं, मग दहा, मग एकदम शेवटाला नेलं. मग तो वाकला, आणि टेबल ओढताना डबीतून निसटलेली माईकची वायर जमिनीवरून उचलून त्याने गोपीनाथरावांच्या हातात दिली.