बांधापलीकडे

बांधाच्या भांडणातून शेजारच्या गुणवंतानं मार्थाबाईच्या बैलाला विष घालून मारलं, तेव्हा तिनं चर्चच्या पाळकांना विचारलं, “देवानं त्याले थांबवलं काऊन नाही?” पाळक म्हणाले, “देवानं माणसाला निवडायची मोकळीक दिलीय, बाई.” मार्थाला ते पटलं नाही. नवरा गेल्यापासून ती त्या बैलाशीच बोलायची. पुढं बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली. औषध फवारता फवारता एका दुपारी गुणवंता ओकत कोसळला. शिवारात तिच्याशिवाय कुणीच नव्हतं. ती वळली, घराकडे चालू लागली. मग थांबली. परत येऊन तिनं त्याचा औषधानं भिजलेला सदरा काढला, त्याला ओढत रस्त्यावर नेलं, जीप थांबवली. बुलढाण्याच्या दवाखान्यात तो वाचला. त्याच्या बायकोनं मार्थाचे पाय धरले, “देवानंच पाठवलं तुमाले!” “नाही वं,” मार्था म्हणाली, “मी तं घरी चालली होती.” बाहेर ती एकटीच एसटीची वाट पाहत बसली.