एकतिसावा प्रश्न

“प्रश्न एकतिसावा,” उज्ज्वलाने लॅपटॉपवरून वाचलं. “शेतमजूर बाई. रात्री जमिनीवर झोपलेली. पहाटेपासून पोटात कळा, एक उलटी. ताप नाही. अंगावर जखम नाही. डोळ्यांवर झोप. पहिला विचार कशाचा कराल?”

परवाना नूतनीकरणाची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. नापास झाले तर डॉ. गराडेंचा पवनानगरातला चौतीस वर्षांचा दवाखाना बंद. म्हणून लोणावळ्याची ही सव्वीस वर्षांची डॉक्टर रोज पेशंट ओसरले की त्यांची शिकवणी घ्यायला यायची. तिच्या प्रश्नांपुढे ते रोज अडखळायचे.

हा प्रश्न मात्र सोपा होता.

“ॲसिडिटी,” ते म्हणाले. “मघाशीच एक आली होती, हुबेहूब अशी. इंजेक्शन दिलं, पाठवली घरी. सगळंच काय पुस्तकात बघायचं?”

उज्ज्वला हसली नाही. “मण्यार साप, सर. झोपेत चावते, दुखत नाही, खूणही सापडत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या उघडेनाशा होतात. मग श्वासाचे स्नायू बंद पडतात.”

डॉक्टरांना मघाची बाई आठवली.

इंजेक्शन घेऊन निघताना सावित्राबाई दाराशी अडखळली होती. “डोळं उघडंना झाल्यात, डाक्टर,” म्हणाली होती. आणि ते म्हणाले होते, “पहाटेपासून जागी आहेस, दुसरं काय होणार? घरी जाऊन झोप.”

“सर, ती बाई गेली कधी?”

ते उठलेच होते. तिच्या वाडीची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. त्यावरून त्यांनी ड्रायव्हर पप्पूला कितीदा शिव्या घातल्या होत्या. आज ते अनवाणी धावत सुटले, आणि मनात एकच घोकत होते, कुणी चढू नये.

जीप चौकातच होती. पप्पू बॉनेटला टेकून ओरडत होता, “येक शीट! येकच शीट ऱ्हायलंय!” डॉक्टरांना बघून तो थांबला. “काय डाक्टर, तुमीबी वाडीला? चपला कुटं ऱ्हायल्या?”

मागच्या बाकावर सावित्राबाईचं डोकं नवऱ्याच्या, कोंडूच्या खांद्यावर होतं.

“झोपलीया,” कोंडू हळूच म्हणाला. “तुमचं इंजेक्शन लय गुणाचं. उठवू नका.”

डॉक्टर वाकले. “सावित्राबाई, वर बघ. माझ्याकडं.”

तिने ऐकलं. तिच्या भुवया चढल्या, कपाळावर आठ्या पडल्या. पापण्या हलल्या नाहीत.

“पप्पू, कामशेत. मोठा दवाखाना. काढ गाडी!”

डॉक्टरांचा चेहरा बघून बाकीची माणसं न सांगताच उतरली. उज्ज्वला श्वास द्यायची पिशवी छातीशी धरून धावत आली आणि आत चढली.

जीप पळू लागली. उज्ज्वला फोनवर ॲम्ब्युलन्सला वाटेत गाठायला सांगत होती.

“एका दमात आकडे म्हण, सावित्राबाई,” डॉक्टर म्हणाले. “मध्ये श्वास घेऊ नको. दम किती पुरतो बघू.”

“येक... दोन...” मिटल्या डोळ्यांनी ती नवापर्यंत गेली.

कोंडू कौतुकाने हसला. “शाळंत न्हाई गेली, तरी येत्यात बगा.”

“पुन्हा,” डॉक्टर म्हणाले.

या वेळी तिचा दम सातावरच संपला.