खाटेवरचा रुमाल

लेकानं तिकिटं काढून दिली म्हणून उद्धवराव आणि प्रभावतीबाई मोठ्या जहाजानं परदेश फिरून सोनपेठला परत आले. शेजारची राजेश्री भेटायला आली.

"काका, तिकडची बंदरं कशी होती?"

"मला काय म्हाईत? मी उतरलोच न्हाई. बंदर आलं की सगळे भराभरा उतरायचे, मी खाटेवर रुमाल टाकून बसून ऱ्हायचो."

"ते कशाला?"

"कशाला म्हंजे? एकदा पाथरीला पाणी प्यायला यष्टीतून उतरलो, तर परभणीपर्यंत उभ्यानं जावं लागलं. हितं तर सारा समुद्र उभ्यानं काढावा लागला असता. ही मात्र दर बंदरावर उतरली. एकटीच हिंडून यायची."

चहाचे कप घेऊन राजेश्री प्रभावतीबाईंच्या मागं स्वयंपाकघरात गेली.

"काकू, जहाजात तर आपली खोली ठरलेली असती ना?"

"असती की. दाराला कुलूप बी असतं. चावी माझ्याच पर्समधी होती."

"मग काकांना सांगितलं न्हाई?"

प्रभावतीबाईंनी कप विसळून पालथा घातला.

"सांगितलं असतं तर ते बी उतरले असते."