उतरताना देवगिरी

"सात वेळा बघितलाय मी हा व्हिडिओ," कॅप्टन व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा आपटला. "आठव्यांदा बघून काय पुण्य लागणार आहे?"

समोर सत्यम सांडू उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

चिकलठाण्याला विमानतळासमोरच्या कंपनीच्या कचेरीत चौघंच होते. चौकशीचे प्रमुख व्यंकटराव, त्यांच्या शेजारी कॅप्टन चारुता आणि खिडकीपाशी कॅप्टन मिहिर. व्हिडिओच्या दिवशी सत्यम मिहिरच्याच हाताखाली उडत होता, म्हणून त्यालाही बोलावलं होतं.

व्यंकटरावांचं डोकं सकाळपासूनच तापलेलं. उस्मानपुऱ्यात नवव्या दिवशी नळ आला, तो अर्धा तास आणि तोही गढूळ. दोन वर्षं पावसानं दगा दिलेला, आणि शहर मात्र चहूबाजूंनी फुगत चाललेलं. इमारतींना नावं लंडन-पॅरिसची, नळाला नुसती हवा. त्यात नातीनं चहाबरोबर मोबाइल पुढं केला, "आबा, तुमच्या कंपनीचा व्हिडिओ!" त्यांना तो चहा कडूच लागला.

व्हिडिओ पाऊण मिनिटाचा होता. काचेला मोबाइल टेकवून काढलेला. मुंबईहून आलेलं विमान उतरतंय, खाली करपलेली रानं, टँकरची रांग, नव्या वसाहतींचे मनोरे आणि पलीकडं उन्हात उभा देवगिरीचा किल्ला. खाली सत्यमनं लिहिलं होतं, 'आमचा तहानलेला मुलूख'. सहा लाख लोकांनी पाहिला.

त्याचे बाकीचे व्हिडिओ हॉटेलच्या खोलीत बसून केलेले, खेड्यातल्या पोरांना वैमानिक कसं व्हायचं ते सांगणारे. तेही व्यंकटरावांना सलत होते. विमान चालवावं की कीर्तन करावं माणसानं?

विमानात डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची. चार वर्षं उजवीकडं काढलेल्या सत्यमचं नाव पुढच्या महिन्यात कॅप्टनच्या यादीत लागणार होतं. सोयगावच्या बाजारात बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या कडुबांनी, त्याच्या वडिलांनी, पेढे आधीच सांगून ठेवले होते म्हणे. ते पेढे आता या टेबलावर अडले होते.

"उतरायला लागलं की कामाशिवाय एक शब्द बोलायची बंदी असते," चारुता म्हणाली. "आणि इथं मोबाइल! करा याला कॅप्टन. उद्या प्रवाशांना आत बोलावून सेल्फी देईल."

"पोरगा चांगला आहे, सर," मिहिर हलकेच म्हणाला. "त्या दिवशी विमान यानंच उतरवलं. मी नुसता बसून होतो. लोण्यासारखं उतरवलं. झाली एक चूक. समज देऊन सोडा."

व्यंकटराव भडकलेच. "म्हणजे एका हातानं विमान आणि दुसऱ्या हातानं मोबाइल? अरे, तू याला वाचवतोयस की बुडवतोयस?"

मिहिरनं मान खाली घातली. सत्यम त्याच्याकडं बघत राहिला. पोराला उपकाराची जाण तरी आहे, असं व्यंकटरावांना वाटलं.

"चॅनेलवर तूच टाकलास ना?"

"व्हय सर. टाकला मीच."

"मग संपलं."

"त्यो एकदा नीट बघा सर. एवढंच म्हणतो."

"मला शिकवतोस? बावीस वर्षं डाव्या खुर्चीत बसून उतरतोय मी इथं. देवगिरी डाव्या खांद्यामागं गेला की चाकं खाली सोडायची, डोळे मिटून सांगीन. व्हिडिओत किल्ला कुठं दिसतो, त्यावरूनच कळतं की ऐन कामाच्या वेळी तू शूटिंग करत होतास."

"मलाही तो रोज तिथंच दिसतो," चारुतानं दुजोरा दिला.

सत्यमनं तोंड उघडलं, पण व्यंकटरावांनी हात वर केला.

"आणि 'कॅप्टननं मला अडवलं नाही' असली रड माझ्यापुढं नको. कॅप्टनकडं बोट दाखवणारा सहवैमानिक माझ्या सहीनं आजवर वर गेलेला नाही."

सत्यमचं तोंड मिटलं. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"सर, निदान नोकरी तरी..." मिहिर पुटपुटला.

"तुझं मन मोठं आहे, मिहिर. माझं नाही."

व्यंकटरावांनी शेरा लिहिला: कॅप्टनपदास कायमचा अपात्र, सेवा समाप्त करावी. चारुतानं सही केली. कागद स्कॅन होऊन मुंबईला गेला, तसा मिहिरनं समोरचा पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला.

सत्यमनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. रडला नाही, पाया पडला नाही. व्यंकटरावांना त्याचाही राग आला. गयावया केली असती तर नोकरीपुरता कदाचित विचार केला असता. नाक एवढं वर असलेला माणूस जमिनीवरच बरा, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"आता काय," ते मागून म्हणाले, "खिडकीचं तिकीट घे आणि पोटभर बघ तुझा देवगिरी."

सत्यम दारात थांबला. आधी त्यानं मिहिरकडं पाहिलं, मग व्यंकटरावांकडं.

"घेईन सर. डावीकडच्या खिडकीचं घेईन. चार वर्षं उजव्या खुर्चीत बसून इथं उतरलो, देवगिरी एकदा बी दिसला नाय."